घुमटात दडलेला वक्र : गणिती आणि वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन

लंडनमधील सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट रस्त्यावरून पाहणाऱ्याला एक दिसतो आणि आत उभे राहून वर पाहणाऱ्याला दुसरा. हे दोन्ही घुमट वेगवेगळे आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये विटांचा एक उंच शंकू उभा आहे. बाहेरून तो दिसत नाही आणि आतून तो तेथे आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घुमटाच्या माथ्यावर सुमारे ८५० टन वजनाचा दगडी मनोरा आहे. त्याचा भार मात्र हा अदृश्य शंकूच पेलतो. त्याची रचना करणारे सर ख्रिस्तोफर रेन जगाला वास्तुविशारद म्हणून ठाऊक आहेत. वयाची तिशी येईपर्यंत मात्र त्यांच्या नावावर एकही मोठी इमारत नव्हती. ते खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांच्या काळातील गणितज्ञ त्यांना आपल्यापैकी एक, तेही अग्रगण्य, समजत असत.

ख्रिस्तोफर रेन यांचा जन्म २० ऑक्टोबर १६३२ रोजी इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील ईस्ट नॉइल या गावी झाला. वडिलांचे नावही ख्रिस्तोफर. ते तेथील चर्चचे धर्मगुरू होते आणि पुढे विंडसरचे डीन झाले. काका मॅथ्यू रेन हे बिशप. घराणे राजनिष्ठ असल्याने यादवी युद्धात त्याची मोठी वाताहत झाली. काकांना लंडनच्या टॉवरमध्ये जवळजवळ अठरा वर्षे बंदिवास भोगावा लागला. अशा दिवसांत या कृश प्रकृतीच्या मुलाला आधार मिळाला तो मोठ्या बहिणीच्या घरी. बहिणीचे पती विल्यम होल्डर गणिताचे जाणकार होते. भूमितीचे पहिले धडे रेन यांनी या मेहुण्यांकडे गिरविले. किशोरवयातच ते छायाघड्याळे तयार करू लागले होते. छायाघड्याळांवरील विल्यम ऑट्रेड यांच्या एका ग्रंथाचा लॅटिन अनुवादही त्यांनी त्याच वयात केला.

ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजात ते दाखल झाले तेव्हा तेथे जॉन विल्किन्स यांच्याभोवती जिज्ञासू मंडळींचा एक गट जमला होता. भिंग, लंबक, हवेचा दाब, रक्ताभिसरण असा कोणताही विषय या मंडळींना वर्ज्य नव्हता. रेन यांनी शरीररचनेच्या अभ्यासासाठी स्नायूंच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती तयार केल्या. १६५६ च्या सुमारास कुत्र्याच्या शिरेत द्रव टोचण्याचा प्रयोगही केला. १६५३ मध्ये ते ऑल सोल्स कॉलेजचे फेलो झाले होते. त्या कॉलेजच्या भिंतीवरील मोठे छायाघड्याळ त्यांच्याच नावे सांगितले जाते.

युरोपातील विद्यापीठांत त्या काळी सात उदार विद्या शिकविण्याची जुनी परंपरा होती. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चार. उदार म्हणजे ज्या विद्येने माणसाचे मन घडते ती. पोटापाण्याच्या विद्या वेगळ्या मानल्या जात. बांधकाम या सातांमध्ये नव्हते. ते गवंड्याचे आणि सुताराचे काम, एकाने दुसऱ्याकडून हाताने शिकावे असे. सुशिक्षित सद्गृहस्थ फार तर जुन्या रोमन इमारतींची चित्रे चाळून त्यातील स्तंभांची प्रमाणे पाठ करीत. रेन आले ते भूमिती आणि खगोल यांच्या बाजूने. १६५७ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आतबाहेर, ते लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले. गणिताने सिद्ध झालेले सत्य तेवढेच शंकेच्या पलीकडचे असते, ही त्यांची धारणा तेथील पहिल्याच व्याख्यानात प्रकट झाली होती. ती पुढे दगडविटांच्या संगतीत बरीच कसोटीला लागणार होती.

गणिती म्हणून त्यांची कीर्ती युरोपभर झाली ती १६५८ मध्ये. गाडीच्या चाकाच्या धावेवर खडूचा एक ठिपका काढला आणि गाडी सपाट रस्त्यावरून पुढे नेली, तर तो ठिपका हवेत एकापुढे एक कमानी काढीत जातो. या वक्राला सायक्लॉइड, किंवा मराठी परिभाषेत चक्रज, असे नाव आहे. गॅलिलिओपासून अनेकांना त्याने भुरळ घातली होती. त्याच्या एका कमानीखालचे क्षेत्रफळ चाकाच्या वर्तुळाच्या तिप्पट असते, हे फ्रान्स आणि इटलीतील गणितज्ञांनी तोवर शोधले होते. कमानीची लांबी किती, हा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. वक्ररेषेची सरळ रेषेशी नेमकी तुलना माणसाच्या बुद्धीला करता येणार नाही, असे देकार्तसारख्या विचारवंतानेही १६३७ मध्ये लिहून ठेवले होते. १६५८ मध्ये ब्लेझ पास्काल यांनी या वक्रासंबंधी काही प्रश्न जाहीर करून बक्षीस लावले. रेन यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे न पाठविता न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पाठविले. कमानीची लांबी चाकाच्या व्यासाच्या बरोबर चौपट भरते, असे त्यांनी सिद्ध केले होते.

हे उत्तर विलक्षण आहे. वर्तुळाचा परिघ व्यासाच्या पटीत मांडू गेल्यास न संपणारा अपूर्णांक हाती लागतो. त्याच वर्तुळाच्या फिरण्यातून निघालेली कमान मात्र नेमकी चौपट, कमी नाही की अधिक नाही. हे सिद्ध करण्यासाठी रेन यांनी वक्राचे लहान लहान तुकडे कल्पिले. आतून आणि बाहेरून सरळ रेषाखंडांनी त्याला जखडत नेले आणि दोहोंतील फरक हवा तितका लहान करता येतो, हे दाखविले. पद्धत ग्रीकांच्या वळणाची होती. पण असंख्य सूक्ष्म तुकड्यांची बेरीज करणे, हाच पुढे कलनशास्त्राचा एक आधारस्तंभ ठरला. न्यूटन त्या वेळी सोळाव्या वर्षात होते आणि लायब्निट्स बारा वर्षांचे. पास्काल यांनी रेन यांच्या शोधाची नोंद घेतली, आणि जॉन वॉलिस यांनी तो १६५९ मध्ये आपल्या ग्रंथातून प्रसिद्ध केला. स्वतः रेन यांनी मात्र त्यावर पुस्तक लिहिले नाही. शोध लावावा आणि प्रसिद्धीचे काम दुसऱ्यावर सोपवावे, ही त्यांची सवय जन्मभर राहिली. त्यामुळे गणिताच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेवढी जागा यावयास हवी होती तेवढी आली नाही.

२८ नोव्हेंबर १६६० रोजी ग्रेशम कॉलेजात रेन यांचे व्याख्यान संपल्यावर बारा जण एकत्र बसले आणि प्रयोगाधिष्ठित ज्ञानासाठी एक मंडळ स्थापण्याचे त्यांनी ठरविले. हीच पुढे रॉयल सोसायटी झाली. १६६१ मध्ये रेन ऑक्सफर्डला खगोलशास्त्राच्या सॅव्हिलियन अध्यासनावर गेले. त्याच सुमारास राजा दुसरा चार्ल्स याने त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजियर बंदराच्या तटबंदीचे काम देऊ केले. रेन यांनी ते नाकारले. पण गणिताच्या प्राध्यापकाला तटबंदी बांधावयास सांगणे त्या काळी कोणालाही विचित्र वाटले नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पहिले काम घरातूनच आले. बंदिवासातून सुटलेल्या काकांनी केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजला एक प्रार्थनामंदिर बांधून देण्याचे ठरविले आणि आराखडा पुतण्यावर सोपविला. दुसरे काम ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन सभागृहाचे. १६६४ मध्ये ते सुरू झाले आणि १६६९ मध्ये पूर्ण झाले. प्राचीन रोमन नाट्यगृहाच्या धर्तीवर ते व्हावे, अशी कल्पना होती. रोमन नाट्यगृहावर छप्पर नसे, फार तर कापडाचे छत ताणलेले असे. ऑक्सफर्डच्या पावसात ते चालणारे नव्हते. सभागृहाची रुंदी ७० फूट, आणि मध्ये खांब नको. एवढ्या लांबीची सलग तुळई मिळणे अशक्य होते. रेन यांचे सहकारी प्राध्यापक वॉलिस यांनी आखूड लाकडे एकमेकांत अडकवून सपाट तक्तपोशी कशी उभी राहील, याचा भूमितीने अभ्यास केला होता. रेन यांनी ती दिशा पुढे नेली आणि आखूड तुकडे खाचा पाडून जोडलेल्या कैच्यांवर छप्पर तोलले. खालून दिसते ते रंगविलेले आकाश. कैच्या वर माळ्यावर दडलेल्या. विद्यापीठाच्या छापखान्याने पुढे या माळ्यावर पुस्तकांचे गठ्ठे रचले, तरी छप्पर टिकले. दिसते एक आणि भार पेलते दुसरेच, हा रेन यांच्या स्थापत्याचा स्वभाव येथे प्रथम दिसला.

१६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगची साथ पसरली असताना रेन पॅरिसला गेले. परदेशप्रवास म्हणावा असा त्यांचा हा एकच. तेथे त्यांनी घुमटांची चर्चे पाहिली. लूव्र राजवाड्याचे आराखडे घेऊन इटलीहून आलेले वृद्ध शिल्पकार बर्निनी यांचीही त्यांनी भेट घेतली. बर्निनी यांनी आपला आराखडा त्यांना काही क्षणच पाहू दिला. रेन यांना त्याची हळहळ वाटली.

परत आल्यावर जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या दुरुस्तीचा विषय त्यांच्यापुढे आला. ही मध्ययुगीन इमारत मोडकळीला आली होती. तिच्या मध्यभागी घुमट उभारावा, असे रेन यांनी सुचविले. २७ ऑगस्ट १६६६ रोजी जागेवर पाहणी झाली आणि वादही झाला. त्यानंतर सहाच दिवसांनी, २ सप्टेंबरच्या पहाटे, पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात आग लागली. ती विझेपर्यंत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्चे भस्मसात झाली. कॅथेड्रलच्या छपराचे शिसे वितळून रस्त्यांवरून वाहिले. राख पुरती निवलीही नसेल, तोच ११ सप्टेंबरला रेन यांनी नव्या नगराचा आराखडा राजापुढे ठेवला. रुंद सरळ रस्ते, चौक आणि नदीकाठी मोकळा धक्का अशी त्याची रचना होती. तो अमलात आला नाही. प्रत्येकाला आपल्या जागेवर आपले घर लवकरात लवकर हवे होते, आणि हिवाळा तोंडावर होता. कागदावरची भूमिती आणि माणसांची वहिवाट यांच्या या लढतीत वहिवाट जिंकली. त्यात लोकांचे फारसे चुकले, असेही म्हणता येत नाही.

१६६९ मध्ये राजाने त्यांना सर्व राजकीय बांधकामांचे प्रमुख नेमले. शहरातील ५१ चर्चांच्या पुनर्बांधणीचा भार त्यांच्यावर आला. याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा विवाह फेथ कॉगहिल यांच्याशी झाला. विवाहापूर्वी फेथ यांचे घड्याळ पाण्यात पडले होते. रेन यांनी ते दुरुस्त करून परत पाठविले आणि सोबतच्या पत्रात, तिच्या सहवासात राहावयास मिळणाऱ्या त्या घड्याळाचा आपल्याला हेवा वाटतो, अशा आशयाचा मजकूर लिहिला. हे सुख अल्पकाळच टिकले. पहिला मुलगा तान्हेपणीच गेला आणि १६७५ मध्ये फेथ देवीच्या साथीत दगावल्या. १६७७ मध्ये झालेला दुसरा विवाहही तीन वर्षांत पत्नीच्या मृत्यूने संपला. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे ते एकाकी राहिले.

गणिताची संगत सुटली नव्हती. १६६९ मध्ये त्यांनी आणखी एक सुंदर शोध प्रसिद्ध केला. अपास्त हा वक्र स्वतःच्या अक्षाभोवती फिरविला की कंबरेत बारीक होत गेलेल्या डमरूसारखा पृष्ठभाग तयार होतो. हा पृष्ठभाग सर्वत्र वळलेला असूनही केवळ सरळ रेषांनी विणता येतो, हे रेन यांनी दाखविले. त्यांना त्याचा उपयोग भिंगे घासण्याच्या यंत्रासाठी हवा होता. विसाव्या शतकात औष्णिक वीजकेंद्रांच्या उंच शीतक मनोऱ्यांना हाच आकार देण्यात आला. दोन वस्तूंच्या आघाताचे नियम मांडण्यातही वॉलिस आणि हायगेन्स यांच्या बरोबरीने त्यांचा वाटा होता.

आगीनंतरच्या कामात त्यांचे सर्वांत जवळचे सहकारी होते रॉबर्ट हूक. हूक तापट, संशयी आणि प्रकृतीने पिचलेले; रेन मितभाषी आणि सौम्य. तरीही दोघांची मैत्री हूक यांच्या निधनापर्यंत टिकली. दिवसभर चर्चांच्या बांधकामावर पाहणी करावी आणि संध्याकाळी कॉफीगृहात बसून गुरुत्वाकर्षणापासून घुमटापर्यंत कशावरही बोलावे, असा त्यांचा क्रम होता. आगीच्या स्मरणार्थ या दोघांनी उभारलेला २०२ फूट उंचीचा स्तंभ आतून पोकळ आहे. आकाशातील ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी त्याचा दुर्बिणीसारखा उपयोग करावा, असा त्यामागचा हेतू होता. रस्त्यावरच्या रहदारीने स्तंभ थरथरत असल्यामुळे तो साधला नाही.

हूक यांच्याजवळ कमानीविषयी एक मर्म होते. दोन टोकांना धरून सैल सोडलेली साखळी जो आकार घेते तो उलटा केला, की कमानीचा आदर्श आकार मिळतो. साखळीत केवळ ताण असतो, तर उलट्या कमानीत केवळ दाब. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. १६७० च्या सुमारास त्यांनी ही गोष्ट रॉयल सोसायटीत सांगितली आणि पुढे १६७५ मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी लॅटिन अक्षरांच्या कोड्यात दडवून छापली. त्याची उकल त्यांच्या मृत्यूनंतरच, १७०५ मध्ये, प्रसिद्ध झाली. मात्र रेन यांना ती आधीपासून ठाऊक होती. त्यांनी कॅथेड्रलच्या प्रतिकृतीत या तत्त्वानुसार बदल केल्याची नोंद जून १६७५ मधील हूक यांच्या रोजनिशीत आढळते.

अडचण अशी, की साखळीचा आकार डोळ्यांना दिसत असला तरी त्याचे समीकरण कोणालाच माहीत नव्हते. शिवाय घुमट म्हणजे कमान नव्हे. घुमटाच्या संत्र्याच्या फोडींसारख्या पाकळ्या कल्पिल्या, तर प्रत्येक पाकळी तळाशी रुंद आणि माथ्याशी निमुळती असते. साखळीचे वजन सर्वत्र सारखे. पाकळीचे तसे नाही. माथ्यापासून जसजसे दूर जावे तसतसे वर साचलेले वजन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. वक्राचा उतार या वजनाच्या प्रमाणात हवा, तरच दाब पाकळीच्या अंगातून सरळ खाली उतरतो. ज्या वक्राचा उतार अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो, तो वक्र स्वतः अंतराच्या घनाप्रमाणे खाली येतो. कलन शिकलेला आजचा विद्यार्थी हे दोन ओळींत मांडील. हूक आणि रेन यांच्यापाशी ही साधने नव्हती. न्यूटन यांनी १६६५-६६ मध्ये आपली पद्धत तयार केली होती, पण ती त्यांच्या टिपणांत बंद होती. लायब्निट्स यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला तो १६८४ मध्ये. तरीही हूक यांनी घुमटासाठी सुचविलेला आकार घनाचाच होता. रेन यांच्या कार्यालयातील, १६९० च्या सुमाराचे मानले जाणारे एक रेखाचित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात घुमटाच्या छेदावर हा घनवक्र बिंदू मांडून काढलेला दिसतो. संपूर्ण उत्तर अनंत पदांच्या श्रेणीचे आहे, आणि तिचे पहिले पद घनाचेच असते. म्हणजे दोघांनी साधलेले उत्तर माथ्यालगत जवळजवळ बिनचूक होते.

लटकत्या साखळीचे समीकरण १६९१ मध्ये लायब्निट्स, हायगेन्स आणि योहान बेर्नुली यांनी स्वतंत्रपणे सोडविले. नव्या कलनशास्त्राच्या पहिल्या मोठ्या विजयांपैकी हा एक होय. तोवर सेंट पॉलच्या पायाभरणीला सोळा वर्षे उलटून गेली होती. इमारत समीकरणासाठी थांबली नाही. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. कमानींच्या तोलाविषयी रेन यांनी स्वतः लिहिलेले अपुरे टिपण उपलब्ध आहे. इमारतीचा विचार गुरुत्वमध्याच्या हिशेबाने व्हावा, हा त्यातील आग्रह काळाच्या पुढचा होता. पण कमान बाजूला जो रेटा देते, त्याचा त्यात पुरता विचार झालेला नाही. हूक यांचे मर्म त्यांच्या स्वतःच्या सिद्धान्तापेक्षा अधिक खरे होते. बांधताना त्यांनी मित्राचे ऐकले.

जानेवारी १६८४ मधील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रेन, हूक आणि तरुण एडमंड हॅली यांच्यात ग्रहांच्या गतीवर चर्चा चालू होती. सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तर ग्रहाचा मार्ग कोणता, असा प्रश्न होता. आपल्याला उत्तर ठाऊक आहे, असे हूक म्हणाले. दोन महिन्यांत सिद्धता आणणाऱ्याला चाळीस शिलिंग किमतीचा ग्रंथ भेट देऊ, असे रेन यांनी जाहीर केले. मुदत टळली. हॅली ऑगस्टमध्ये केंब्रिजला जाऊन न्यूटन यांना भेटले, आणि त्या भेटीतून १६८७ चा प्रिन्सिपिया हा ग्रंथ निर्माण झाला. त्यात न्यूटन यांनी रेन, वॉलिस आणि हायगेन्स यांचा आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ भूमितिज्ञ म्हणून उल्लेख केला आहे.

कॅथेड्रलच्या कामात रेन यांना मनस्ताप फार झाला. १६७३-७४ मध्ये त्यांनी आपल्या आवडत्या आराखड्याची लाकडी प्रतिकृती करविली. तिची उंची १३ फुटांहून अधिक आहे आणि ती आजही कॅथेड्रलमध्ये जतन केलेली आहे. धर्मगुरूंना ती पसंत पडली नाही. मिरवणुकीसाठी लांबट सभामंडप हवा, आणि इमारत टप्प्याटप्प्याने वापरात आणता यावी, अशी त्यांची मागणी होती. नकार ऐकून रेन यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगितले जाते. त्यानंतर त्यांनी मनाविरुद्ध दुसरा आराखडा दिला. त्याला १६७५ मध्ये राजाची मंजुरी मिळाली, आणि तपशिलात फेरफार करण्याची मुभाही मिळाली. या मुभेचा रेन यांनी पुरेपूर फायदा घेतला. पुन्हा प्रतिकृती करावयाची नाही आणि आराखडे चारचौघांत मांडावयाचे नाहीत, असे त्यांनी ठरवून टाकले. २१ जून १६७५ रोजी पायाचा दगड बसला. पुढील पस्तीस वर्षांत जे उभे राहिले, त्याचे मंजूर कागदाशी साम्य थोडेच होते.

कामाचा खर्च लंडनमध्ये येणाऱ्या दगडी कोळशावरील करातून भागविला जात असे. रेन यांचे वेतन वर्षाला २०० पौंड. १६९७ मध्ये काम रेंगाळत असल्याचा ठपका ठेवून पार्लमेंटने त्यातील निम्मे रोखून धरले, ते काम पूर्ण होईपर्यंत. रेन तेव्हा पासष्टीला आले होते. घुमट अजून व्हावयाचा होता. टोपलीत बसून दोरखंडाने वर चढायचे आणि गवंड्यांचे काम तपासायचे, हा क्रम त्यांनी उतारवयातही सोडला नाही.

घुमटाचा अखेरचा निर्णय या वर्षांतला आहे. बाहेरचा घुमट लंडनच्या छपरांवरून दूरवर दिसावा एवढा उंच हवा. तेवढ्या उंचीचा घुमट आतून विहिरीसारखा खोल आणि काळोखा दिसला असता. म्हणून आतला घुमट वेगळा, ठेंगणा आणि विटांचा. बाहेरचा लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे ठोकलेला. दोन्ही आकार डोळ्यांच्या समाधानासाठी. पण माथ्यावरचा दगडी मनोरा लाकडावर ठेवणे शक्य नव्हते. साखळीच्या मध्यभागी जड वजन टांगले, की तिचा वक्र नाहीसा होतो आणि दोन्ही बाजू जवळजवळ सरळ ताणल्या जातात. ती आकृती उलटी केली की होतो शंकू. रेन यांनी अवघ्या १८ इंच जाडीच्या विटांचा शंकू दोन्ही घुमटांच्या मध्ये उभारला, त्याच्या तळाशी लोखंडी साखळदंडाचा वेढा दिला आणि मनोरा त्याच्या शिरावर ठेवला. खरा आकार अशा रीतीने दोन देखण्या आकारांच्या आड गेला. बाहेरच्या भिंतींचा वरचा अर्धा भागही केवळ पडदा आहे. त्यामागे छपराला टेकू देणाऱ्या कमानी लपविलेल्या आहेत. पुढच्या काळातील काही टीकाकारांनी या लपवाछपवीला अप्रामाणिक ठरविले. रेन यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. सौंदर्याचे उगम दोन, एक भूमितीतून येणारा आणि दुसरा सवयीतून, असे ते मानीत. डोळ्यांना सवयीचा घुमट हवा होता आणि वजनाला शंकू. त्यांनी ज्याचे त्याला दिले.

१७०८ मध्ये मनोऱ्याचा शेवटचा दगड बसविण्यात आला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वडिलांच्या वतीने हे काम मुलाने, धाकट्या ख्रिस्तोफर यांनी, केले. जमिनीपासून क्रुसापर्यंतची उंची ३६५ फूट भरली. १७११ मध्ये पार्लमेंटने काम पूर्ण झाल्याचे मान्य केले आणि अडविलेले वेतन हाती आले. मुलगी जेन तोवर हयात नव्हती. १७०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिचे निधन झाले होते. संगीतात निपुण असलेल्या या मुलीला वडिलांनी आपल्याच अपूर्ण इमारतीच्या तळघरात दफन केले. तिच्या स्मृतिशिलेवर ती ऑर्गन वाजविताना दाखविली आहे.

१७१४ मध्ये राजघराणे बदलले आणि जुन्या माणसांचे दिवस संपले. घुमटातील चित्रे कोणी काढावीत आणि भिंतीच्या माथ्यावर कठडा असावा की नसावा, अशा गोष्टींत रेन यांना डावलले गेले. १७१८ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या विल्यम बेन्सन यांनी उमरावांच्या सभागृहाची इमारत कोसळण्याच्या बेतात असल्याचा अहवाल दिला. तो साफ चुकीचा ठरला, आणि वर्षभरातच त्यांचेही पद गेले. रेन पुन्हा जुन्या छंदांकडे वळले. समुद्रात रेखांश कसा शोधावा, या प्रश्नावरील आपल्या कल्पना त्यांनी १७१४ मध्येच सांकेतिक लिपीत रॉयल सोसायटीकडे धाडल्या होत्या.

२५ फेब्रुवारी १७२३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. जेवणानंतर खुर्चीत डुलकी लागली असतानाच त्यांचा श्वास थांबला, असे सांगतात. वय ९० वर्षांचे होते. कॅथेड्रलच्या तळघरात, जेनच्या शेजारी, त्यांना दफन करण्यात आले. थडग्यावर साधी काळी शिळा आहे. स्मारक शोधणाऱ्याने सभोवार पाहावे, या अर्थाचा लॅटिन लेख मुलाने भिंतीवर कोरविला. मुलाने जमविलेली कागदपत्रे नातू स्टीफन यांनी १७५० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. रेन यांच्या गणिताविषयी जे काही कळते, त्यातील बराच भाग या ग्रंथामुळे आणि इतरांच्या लेखनातील उल्लेखांमुळे कळतो.

रेन यांच्या निधनानंतर सुमारे दोनशे वर्षांनी महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी ही इमारत धोकादायक ठरविली. तपासणीत दोष आढळला तो घुमटाखालच्या आठ प्रचंड खांबांत. बाहेरून घडीव दगडाचे असलेले हे खांब आतून जुन्या कॅथेड्रलच्या राडारोड्याने भरलेले होते. त्यांना तडे जाऊ लागल्याचे रेन यांच्या हयातीतच दिसून आले होते आणि त्यांनी डागडुजीही केली होती. १९३० पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत खांबांच्या पोटात सिमेंटचा पातळ गिलावा दाबाने भरण्यात आला आणि घुमटाच्या तळाभोवती पोलादाचा नवा साखळदंड घालण्यात आला. विटांच्या शंकूचा आकार होता तसाच राहिला.